मदत हवी आहे: 'द होल नाइन यार्ड्स'ला मराठीत काय म्हणू?

कावेरी_प: उद्या सकाळी दहाला अनुवाद द्यायचाय आणि दोन तास या एकाच वाक्प्रचारावर अडकलेय. नऊ वार कशाचे? उगम कळला तर शब्द सुचेल. लवकर सांगा प्लीज.

फौजीकाका: सोपं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या मशीनगनचा काडतुसांचा पट्टा २७ फुटी, म्हणजे नऊ वार. अख्खा पट्टा शत्रूवर रिकामा केला की 'होल नाइन यार्ड्स'. आमच्या मेसमध्ये सगळे हेच सांगायचे.

शब्दवेडा: काका, साल जुळत नाही. इंडियानातल्या 'मिचेल कमर्शियल' या वर्तमानपत्रात १९०७ सालीच 'फुल नाइन यार्ड्स' छापलंय, तेही बेसबॉलच्या सामन्याबद्दल. १९१२ मध्ये केंटकीच्या एका पत्रात तर 'होल सिक्स यार्ड्स' आहे! सहाचे नऊ होतात, म्हणजे आकडा कशाचं माप नाहीच. अर्थ एवढाच: काही बाकी न ठेवता सगळं.

माहेरवाशीण: नऊ वार म्हटलं की लुगडंच ना! आजीचं लुगडं गच्चीवर वाळत घालायला दोघी लागायच्या, ओलं टोक माझ्या हातात असायचं. इंग्रजांनी इथूनच नेलं असणार.

शब्दवेडा: ताई, जुने दाखले सगळे अमेरिकेतले आहेत, साडीचा तिथे उल्लेखही नाही. कावेरी, मूळ वाक्य टाका. त्याशिवाय शब्द कसा सुचवणार?

कावेरी_प: अरे हो. मुलगी मैत्रिणीला स्वतःच्या लग्नाचं सांगतेय: चर्च, पांढरा झगा, तीन मजली केक, द होल नाइन यार्ड्स.

पुणेरी_पंत: 'साग्रसंगीत' लिहा.

शब्दवेडा: त्याला नैवेद्याच्या ताटाचा वास येतो, चर्चमध्ये कसं शोभेल? 'अथपासून इतिपर्यंत'ही नको, ते हकिगत सांगताना. बोलणारीचं वय काय?

कावेरी_प: पंचवीस-सव्वीस.

शब्दवेडा: मग ती म्हणेल, 'चर्च, पांढरा झगा, तीन मजली केक... सगळं म्हणजे सगळं!' वार विसरा.

कावेरी_प: हेच हवं होतं! घेतलं. खूप आभार.

माहेरवाशीण: कुणाला नऊवारी घ्यायची असेल तर साधारण सव्वाआठ मीटर भरते. शिवलेली घेऊ नका, काष्टा नेसायला शिका.

फौजीकाका: १९०७ चं कात्रण इथे लावा. बघितल्याशिवाय मी मानणार नाही.