पॅच सिरीज रिवर्क करताना मधलाच पॅच कंपाईल होत नाही, लवकर कसं पकडायचं?

धरमपेठ_सी
नमस्कार मंडळी. नोकरी मिहानमध्ये, पण हे काम घरचं, रात्रीचं. लिनक्स कर्नलच्या एका ड्रायव्हरसाठी १२ पॅचची (एकामागून एक लावायच्या कोड बदलांची) सिरीज आहे, रिव्ह्यूत सांगितलं की पहिला पॅच दोन भागात फोडा आणि स्ट्रक्टच्या एका फील्डचं नाव बदला, तर आता तिसरं व्हर्जन करून राहिलो. शेवटचा पॅच लावून मेक (बिल्ड करायची कमांड) मारलं की सगळं मस्त बिल्ड होते, पण चौथ्या पॅचवर थांबलं की फुटते, कारण नवीन नाव तिथं वापरलं आणि हेडरमधला बदल गेला सातव्यात. एकेक कमिट (गिटमध्ये साठवलेला बदल) हातानं चेकआउट करून बघायचं म्हणजे रात्र जाते. तुम्ही लोक काय करता? लॅपटॉप जुना आहे, मे महिन्यात आपल्याकडे फुल बिल्ड लावलं की कूलरसमोर ठेवला तरी तापते.

त्रिमूर्तीनगर
भाऊ, हातानं काहून करता, रिबेसलाच (कमिट परत एकेक करून लावणारी गिटची कमांड) सांगा ना. गिट रिबेस -आय चालवताना --एक्झेक देऊन पुढे मेकची कमांड लिहा, प्रत्येक पिकच्या (एक कमिट लावायच्या ओळीच्या) खाली ती कमांड चालवणारी एक एक्झेक ओळ आपोआप येते. जिथं बिल्ड फुटलं तिथंच रिबेस थांबते, आणि तेव्हा हेड (गिट सध्या उभं आहे तो कमिट) त्याच पॅचवर असतो, म्हणून दुरुस्त करा, कमिट --अमेंड, मग रिबेस --कंटिन्यू. फक्त एक लक्षात ठेवा, नुसतं कंटिन्यू केलं की फेल झालेली कमांड परत चालत नाही, सरळ पुढचा पॅच घेते, म्हणजे तुमची दुरुस्ती न तपासताच पुढे जाते. त्यासाठी --रिशेड्यूल-फेल्ड-एक्झेक आहे, २०१९ च्या गिट २.२१ पासून, मी तर ते कॉन्फिगमध्येच टाकून ठेवलं आहे.

आणि कर्नलच्या कागदपत्रांतच लिहिलं आहे की सिरीजमधल्या प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड व्हायला पाहिजे आणि नीट चाललाही पाहिजे. कारण बायसेक्ट, म्हणजे कमिटची यादी दरवेळी अर्धी करत बग शोधणं. हजारभर कमिटमधून बग आणणारा कमिट साधारण १० पायऱ्यांत सापडतो, पण मधे न बिल्ड होणारा कमिट आला की शोधणाऱ्याला स्किप मारावं लागते, आणि बग नेमका तिथंच लपला असेल तर उत्तर मिळतच नाही. उद्या कोणीतरी अनोळखी माणूस रात्री दोनला तुमच्या पॅचवर अडकेल, त्याच्यासाठी तरी हे करा.

धरमपेठ_सी
हे माहीत नव्हतं, धन्यवाद भाऊ! पण प्रत्येक पिकवर पूर्ण मेक म्हणजे लॅपटॉपचं काय?

व्हीएनआयटी_जुना
पूर्ण मेक नकोच. मेकला तुमच्या ड्रायव्हरचा फोल्डर द्या, शेवटी स्लॅश लावून, तेवढंच कंपाईल होते आणि तुमच्यासारखी फील्डच्या नावाची चूक लगेच दिसते. मात्र एक्सपोर्ट न केलेलं सिम्बॉल (बाहेर वापरायला खुलं न केलेलं फंक्शन वगैरे) दुसऱ्या मॉड्यूलमधून वापरलं असेल तर ते मॉडपोस्टमध्येच (बिल्डच्या शेवटी मॉड्यूल तपासायच्या टप्प्यात) कळते, फोल्डर बिल्डमध्ये नाही, शिवाय इन्क्लूड फोल्डरमधलं हेडर बदललं तर दुसरे ड्रायव्हरही फुटू शकतात, त्यामुळे पाठवायच्या आधी एकदा रात्री पूर्ण बिल्डवाला रिबेस लावून झोपा. कॉन्फिगही बघा, तुमचा पर्याय बंद ठेवून बिल्ड करा, बरेचदा तिथंच स्टब (पर्याय बंद असताना लागणारं रिकामं फंक्शन) लिहायचा राहून गेलेला असतो.

सीकॅश (आधी कंपाईल केलेलं साठवून परत वापरणारं साधन) नक्की टाका. रिबेस मागे-पुढे जाताना फाईलींच्या वेळा बदलतात, मेकला वाटते सगळंच नवीन, सीकॅश मात्र मजकूर बघते. फक्त डीबग माहितीसाठी -जी लावलं असेल तर सीकॅश फोल्डरचा पत्ताही हॅशमध्ये (तुलनेसाठी काढलेल्या आकड्यात) धरते, म्हणून वेगळ्या वर्कट्रीत (त्याच रेपोच्या दुसऱ्या फोल्डरात) साठवलेलं कामी येत नाही, तिथं हॅश_डिर ही सेटिंग बंद करा.

त्रिमूर्तीनगर
वर्कट्रीचं बरं काढलं. मी तपासणी वेगळ्या वर्कट्रीत डिटॅच्ड हेडवर (कुठल्याच ब्रँचवर न राहता) लावतो, मुख्य फोल्डरमध्ये काम चालूच राहते. तिथं काही फुटलं की इकडे कमिट --फिक्सअप, मग --ऑटोस्क्वॉशनं रिबेस, फिक्स बरोबर आपल्या पॅचखाली जाऊन बसते. पाठवताना रेंज-डिफ (दोन व्हर्जनमधला फरक) काढून कव्हर लेटरमध्ये (सिरीजच्या सुरुवातीच्या पत्रात) टाका, दोन नंबरच्या व्हर्जनपासून काय बदललं ते रिव्ह्यूअरला दिसते.

धरमपेठ_सी
लावलं. चौथ्यावर थांबला, हेडरचा हंक (बदलाचा तुकडा) सातव्यातून काढून तिथं आणला. आता सहाव्यावर न वापरलेल्या स्टॅटिक फंक्शनची वॉर्निंग येऊन राहिली, वापर आठव्यात आहे. तिला पण एरर धरू का?

व्हीएनआयटी_जुना
धरा. बऱ्याच कॉन्फिगमध्ये वॉर्निंगला एररच मानतात, तिथं ते बिल्ड फुटणारच. फंक्शन आठव्यातच न्या, जिथं पहिल्यांदा वापरलं तिथं.