मदत हवी आहे: एफडी आरएक्स-७, वरच्या आरपीएमला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) चढतोय आणि मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतंय

पाना_दहाचा
नमस्कार मंडळी. गाडी १९९३ ची माझदा आरएक्स-७ (एफडी३एस), जपानहून आलेली, सध्या ऑकलंडात. इंजिन १३बी-आरईडब्ल्यू, दोन्ही टर्बो मूळचे, सिक्वेन्शियल (आधी एक, मग दुसरा) चालू. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अ‍ॅपेक्सी पॉवर एफसी, वाइडबँड (मिक्स्चर मोजणारा सेन्सर) आहे, पेट्रोल ९८ ऑक्टेन, इंटरकूलर कंपनीचाच. डाउनपाइप बदलून प्री-कॅट (एक्झॉस्टमधला पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढला तेव्हा कुरकुर नव्हती. मेन कॅटच्या जागी सरळ पाइप आला आणि त्रास सुरू.

लॉग असा: पहिला टर्बो १० पीएसआय, ४५०० ला दुसरा येताना ८ पर्यंत बुडी, परत १०, आणि ६००० नंतर चढतच जातो. साडेतेराच्या आसपास जोरात हिसका, कुणी करकचून ब्रेक मारावा तसा. ६५०० ला एएफआर (हवा-इंधन प्रमाण) ११.८, इंजेक्टर ड्युटी (उघडे राहण्याचा वेळ) ९४ टक्के, इनटेक हवा ५८ अंश. बूस्ट आवरणाऱ्या सोलेनॉइडची ड्युटी कमी करून पाहिली, वरच्या टोकाला ढिम्म फरक नाही. मला बूस्ट १२ वर स्थिर हवाय. पॉवर एफसीतला पीआर (ठरवलेल्या बूस्टचा) आकडा वाढवून हिसका घालवू का? आणि मिक्स्चर किती ठेवू?

त्रिकोणी_रोटर
पीआरला हात लावू नका! तो ०.७० असणार. पॉवर एफसी त्याच्या ०.२५ वर गेलं की इंधन तोडतो, म्हणजे ०.९५ किलो प्रति चौरस सेंमी, साडेतेरा पीएसआय. हिसका म्हणजे दारावरचा राखणदार आहे, बिघाड नव्हे. पीआर वाढवला तर तोच राखणदार सुट्टीवर जाईल आणि ११.८ वर इंजिन पुढे पळत राहील.

आधी एवढंच करा. सोलेनॉइड वगळून कॉम्प्रेसरकडची नळी सरळ वेस्टगेटच्या (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) अ‍ॅक्च्युएटरला जोडा. आता बूस्ट फक्त स्प्रिंगचा. तिसऱ्या गिअरमध्ये एक ओढ घ्या, ११ दिसला की पाय काढा. स्प्रिंगवरही वर चढत असेल तर तो क्रीप, म्हणजे वेस्टगेट उघडूनही बूस्ट वाढत जाणं. वेस्टगेटचं भोक लहान, एक्झॉस्ट मोकळा, वायू टर्बाइनमधूनच जाणार. त्यावर सेटिंगचा उपाय नाही.

सपाट राहिला तर नळ्यांमधली बारीक छिद्राची पिल बघा. ती चोंदली की अ‍ॅक्च्युएटरला दाब कमी पोचतो आणि बूस्ट वाढतो. सिलिकॉन नळ्या घालताना ती पिल जुन्या नळीतच कचऱ्यात जाते, मग उलट बूस्ट स्प्रिंगवरच अडकतो.

पाना_दहाचा
केलं. ४८०० ला ७.५, ६८०० ला ११ पार. पाय काढला.

त्रिकोणी_रोटर
मग क्रीपच. टर्बो उतरवून वेस्टगेटचं भोक मोठं करून घ्या, पण झडप चारही बाजूंनी बसली पाहिजे. कड ओलांडली तर बंद असतानाही गळेल आणि बूस्ट उशिरा येईल. तोवर मेन कॅट किंवा हाय-फ्लो कॅट परत लावा. कंटाळवाणं उत्तर आहे, पण खरं हेच.

सेकंडरी_८५०
इंधनाचं मी सांगतो. मूळ इंजेक्टर ५५० चे दोन आणि ८५० चे दोन, एकूण २८०० सीसी प्रति मिनिट. ८५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. रोटरी पेट्रोल भसाभसा पिते, त्या हिशोबाने क्रँकला साधारण ३४० हॉर्सपॉवरला हद्द संपते. ९४ म्हणजे तुम्ही काठावर उभे आहात. थंड रात्री हवा घट्ट होते, तेव्हा द्यायला काही उरणार नाही. कायम १२ हवा असेल तर सेकंडरी (जादा भाराला उघडणारे, आताचे ८५०) १३०० ते १६०० चे घाला आणि नव्या इंजेक्टरची टक्केवारी व लॅग (उघडायला लागणारा वेळ) दोन्ही पॉवर एफसीत भरा. लॅग विसरलात तर सेकंडरी उघडताना गाडी अडखळेल.

त्याआधी इंधनदाब मोजा. आयडलला रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढल्यावर येतो तो पायाचा आकडा. १० बूस्टला त्यावर १० पीएसआय वाढलेच पाहिजेत. नाही वाढले तर पंपाच्या टोकाशी, भाराखाली, व्होल्टेज बघा. जुन्या वायरिंगमध्ये ते हमखास पडतं. रिले घालून बॅटरीपासून जाड वायर ओढा.

मिक्स्चर १० पीएसआयला ११.०, म्हणजे लॅम्डा (आदर्श प्रमाणाच्या तुलनेत मिक्स्चर) ०.७५. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर लॅम्डाच वाचा.

फिरकी_१३बी
मूळ इंटरकूलर आणि ५८ अंश हवा असताना मी १०.५ ने सुरुवात करेन. ११.० चांगल्या इंटरकूलरवर.

सेकंडरी_८५०
मान्य, पण १० च्या खाली नको. प्लग विझायला लागतात. आणि इथेच माणूस फसतो: मिसफायर झाला की न जळलेला ऑक्सिजन सेन्सरवर जातो आणि वाइडबँड 'लीन' दाखवतो. माणूस अजून पेट्रोल ओततो, मिसफायर वाढतो. आकडा १० वरून अचानक १३ ला उडून परत आला तर पेट्रोल नाही, प्लग आणि कॉइल बघा. चारही प्लग बीयूआर९ईक्यू लावा.

त्रिकोणी_रोटर
टायमिंगमध्ये (ठिणगी कधी पडते त्यात) लोभ नको. अ‍ॅडव्हान्सने रोटरीला फार काही मिळत नाही, जातं मात्र सगळं. बूस्टमध्ये लीडिंग (आधी पेटणारा प्लग) मूळ मॅपच्या पुढे नेऊ नका, ट्रेलिंग (नंतर पेटणारा) त्याच्या मागे १० ते १५ अंश ठेवा. एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) फक्त २ मिलिमीटर जाड आणि ओतीव लोखंडाची. एका जोरदार डेटोनेशनने (मिक्स्चर आपोआप फुटण्याने) कोपरा तुटतो, तुकडा एक्झॉस्ट पोर्टमधून टर्बाइनच्या पात्यांवर. नॉकचा (त्याच डेटोनेशनचा) आकडा आवाजानेही उडतो, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

पाना_दहाचा
कॉम्प्रेशन अजून मोजलेलं नाही. साधं गेज चालेल?

फिरकी_१३बी
रोटरीचं गेज असेल तर उत्तम. साध्याची झडप काढून टाका, नाहीतर रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत मोठाच आकडा दाखवेल. गरम इंजिन, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन आणि इग्निशन बंद. काटा तीनदा सारखा उडाला पाहिजे. २५० आरपीएमला ६ किलोच्या खाली कुठलीही बाजू नको. एक उडी लंगडी दिसली तर ट्यूनिंगचा विषयच बंद.

सेकंडरी_८५०
सगळं जुळलं की डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बूस्ट ८ पासून एकेक पीएसआय वाढवा. प्रत्येक ओढीनंतर लॉग वाचायचा, हवा ४० अंशांखाली आली की पुढची. टाकीत दर लिटरला ५ मिली टू-स्ट्रोक ऑइल, इंजिनात तेल सोडणारा मीटरिंग पंप चालू असला तरी.