घरच्या घरी धुरी दिलेलं चीज, खिशाला झेपेल असं: आपापले अनुभव लिहा

मंडळी, थंडी पडायला लागली म्हणून धागा काढतेय. गेल्या वर्षी आसगावला एका ओळखीच्यांकडे धुरी दिलेलं गौडा चीज खाल्लं. मग दुकानात त्याची किंमत पाहिली आणि पाकीट गुपचूप जागेवर ठेवलं. म्हटलं, गोव्यात धुराला काय तोटा? करवंट्या आहेत, नारळाची सोडणं आहेत. घरीच करू.

माझी फजिती आधी सांगते, म्हणजे तुम्हाला संकोच नको. १५ किलोचा तेलाचा डबा, तळाशी करवंट्यांचे निखारे, मध्ये जाळी, वर २०० ग्रॅम चेडार. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर जाळी रिकामी आणि चीज निखाऱ्यांवर. चीजला धूर हवा, धग नको. ३० अंशांच्या वर गेलं की तेल सोडायला लागतं, आणि आपल्याकडे दुपारी सावलीतच तेवढं असतं. धूर फुकट, खरा खर्च थंडाव्याचा. तो तुम्ही कसा वाचवलात ते लिहा.

वास्कोहून
ताई, निखारा नकोच. लाकडाचा भुसा धुमसवायचा, पेटवायचा नाही. माझ्याकडे २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न (तारांना डाख देतात ते) पडून होतं. दूध पावडरीच्या रिकाम्या डब्यात भुसा भरला, बुडाजवळ भोक पाडून आयर्नचं टोक आत घातलं, झाकणाला चार भोकं. हा डबा पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात तळाला, चीज वर जाळीवर, मध्ये पाणी गोठवलेल्या दोन बाटल्या. जानेवारीत पहाटे साडेपाचला सुरू केलं, साडेसातला आवरलं. ऊन वर आलं की खेळ खलास. खोक्यापासून उठायचं नाही, शेवटी पुठ्ठाच तो.

भुसा सुताराकडचा, पण फणसाचा किंवा आंब्याचा वेगळा मागून घ्या. प्लायवूडचा नको, त्यात रासायनिक गोंद असतो. खर्च म्हणाल तर तापमापकाचे १८० रुपये.

आणि त्या दिवशी चाखू नका. मी चाखलं, विडी चघळल्यासारखं लागलं. बटर पेपरात गुंडाळून दहा दिवस फ्रिजमध्ये ठेवलं, मग धूर आतपर्यंत मुरला आणि वरचा कडवटपणा उतरला.

मडगावहून
दादा, आयर्नचं टोक जुनंच का? त्यावर शिसं असतं हो.

वास्कोहून
बरं विचारलंत. लिहायचं राहिलं. टोक नवं घातलं, ४० रुपये. मग २२० धरा.

पेडण्याहून
एवढी यातायात कशाला रे पोरांनो? पनीर करा. ते वितळतच नाही. म्हशीचं लिटरभर दूध लिंबाने फाडलं की दोनशे ग्रॅमच्या आसपास मिळतं. दाबून, पुसून, पंख्याखाली तासभर सुकवायचं. पातेल्यात मधोमध वाटी, वाटीत करवंटीचा फुललेला निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, झाकण घट्ट. पाच मिनिटं. दहा केलीत तर कडू होतं, मी केलंय. आमच्या सासूबाई डाळीला अशीच धुरी द्यायच्या, त्यांना कुणी तापमापक दिला नव्हता.

सत्तरीहून
एकच सांगतो. काजूच्या बियांची टरफलं जाळू नका. फुकट मिळाली म्हणून मी जाळली. त्यातलं तेल कातडी सोलवटणारं असतं आणि धुरातूनही ते यायचं राहत नाही. दोन दिवस डोळे सुजलेले, मानेवर फोड. चीज खड्ड्यात पुरलं.

पणजीहून
माझं वेड बँडेल चीजचं. हुगळीकाठच्या बँडेलला पोर्तुगीजांची वसाहत होती. तिथलं नाव लागलेल्या या छोट्या खारट चकत्या कोलकात्याच्या न्यू मार्केटात मिळतात, साध्या आणि धुरावलेल्या. रात्रभर पाण्यात भिजवून खायच्या. मला वाटलं, पोर्तुगीज तर आपल्याकडे साडेचारशे वर्षं होते, मग हे आपल्याकडे का नाही? दूध फाडलं, मीठ चोळलं, वाटीच्या साच्यात दाबलं, ओल्या सोडणांचा धूर दिला. पण केलं जुलैत! हवाच इतकी ओली की चकत्या सुकेनात. ओल्या अंगावर काजळी चिकटली आणि चौथ्या दिवशी हिरवी बुरशी. डिसेंबरात पुन्हा केलं, आधी दोन दिवस जाळीदार झाकणाखाली सुकवलं, मग धूर. रंग तांबूस आला. खारटपणा जरा जास्तच. पोई पावाबरोबर मात्र झक्कास.

मडगावहून
फ्लॅटवाल्यांनो, बंद बाल्कनीत करू नका. माझं डोकं तासाभरात गरगरायला लागलं. धुमसणाऱ्या भुशाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही. वर शेजाऱ्यांनी आग लागली म्हणून दार ठोठावलं ते वेगळंच. आता गच्चीवर करतो, घरमालकाला अर्धा तुकडा ठरलेला.

म्हापशाहून (धागाकर्ती)
सगळ्यांना धन्यवाद. वास्कोवाल्या दादांची रीत, नवं टोक आणि पणजीकरांची सुकवणी, असं जोडून परवा पहाटे केलं. खोक्यात २४ च्या वर गेलं नाही. १०० ग्रॅमचे दोन तुकडे, दोन्हींवर तारीख लिहून फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवले. आज बघते तर एकाचा कोपरा गायब. मुलगा म्हणतो, "आई, बिघडलंय गं, गॅरेजसारखं लागतं." म्हटलं, अजून आठ दिवस हात लावू नकोस.