चित्र बघावं, पण कसलं?
ध्येय डोळ्यासमोर आणत बसलं की आजचं काम राहून जातं, असं म्हणतात ते पटतं, पण मनात चित्र कसलं बघतो यावरही खूप आहे हो. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स मनातल्या मनात अख्खी शर्यत पोहायचा, नुसतं पदक नाही तर काय काय बिघडू शकतं तेसुद्धा. २००८ ला बीजिंग ऑलिंपिकला २०० मीटर बटरफ्लाय या पोहण्याच्या शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी भरलं, शेवटी भिंतही दिसेना, तर हा स्ट्रोक (हाताचे फटके) मोजत पोहला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकला. माझी मुलगी बारावीला आहे, तिला मी निकालाचं चित्र बघ म्हणतच नाही, पहिलाच प्रश्न अडला तर काय करशील ते बघ म्हणते, दोनच मिनिटं, आणि मग लगेच वही उघडायची.