डायलिसिस रोटेशन: आधी 'नको' सांगितलेलं आता 'खा' म्हणून कसं सांगायचं?

नमस्कार मंडळी,

ठाण्यातल्या एका रुग्णालयात डाएटिशियनची इंटर्नशिप करतेय. आरडीच्या (रजिस्टर्ड डाएटिशियन) परीक्षेसाठी सहा महिने भरायचेत, त्यातला हा चौथा. दर दोन-तीन आठवड्यांनी विभाग बदलतो. जनरल वॉर्ड झाला, आयसीयूत नळीवाटे द्यायच्या फीडची गणितं झाली (तिथे पेशंट निदान उलट विचारत नाही, हे आता कळतंय). सध्या डायलिसिस.

मागे नेफ्रोलॉजीच्या (किडनीच्या) वॉर्डात असताना तिथे दिवा गावच्या एक आजी होत्या. वजन 50 किलो, डायलिसिस सुरू नव्हतं. किलोमागे 0.6 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 30 ग्रॅम प्रथिनं. वरण मोजून, मासे अगदी थोडे. आगरी घरात हे सांगणं म्हणजे काय ते तुम्ही समजून घ्या, पण आजींनी ऐकलं. आता त्यांचं डायलिसिस सुरू झालंय आणि परवा नेमक्या माझ्याच पुढ्यात आल्या. आता हिशेब 1 ते 1.2 ग्रॅमचा, म्हणजे जवळपास दुप्पट. "आजी, रोज दोन अंड्यांचं पांढरं खा, मासेही वाढवा," म्हटलं तर म्हणाल्या, "तवा नको म्हनलीस, आता खा म्हनतेस. तुझं खरं काय गो?" शेजारच्या बेडवरचे काका हसले. मी नोट्समधलं बोलायला लागले आणि सूनबाईंनी मोबाईल काढला.

कसं समजावू? शिवाय आजी "मीठ सोडलंय" म्हणतात, तरी दोन डायलिसिसच्या मध्ये अंगात पाणी साठून वजन तीन किलो वाढतं. काय खाल्लं विचारलं की "भात नि कालवण", संपलं. मॅडमना दर तासाला विचारायला ओशाळं वाटतं.

प्रतिसाद १

वाशीत बरीच वर्षं किडनीचेच पेशंट बघतेय. आजींचा प्रश्न रास्त आहे, आधी तसं म्हण त्यांना. ग्रॅम सोड. पालेभाजी धुताना मातीबरोबर चार चांगली पानंही वाहून जातात, तसं मशीन रक्त धुतं तेव्हा कचऱ्याबरोबर थोडं प्रथिनही जातं, ते जेवणातून भरायचं. आधी मशीन नव्हतं, सगळा कचरा दमलेल्या किडनीवर पडत होता, म्हणून कमी.

मिठाचं म्हणशील तर लोक फक्त वरून घेतलेलं मीठ धरतात. खारवलेला सुका मासा, पापड, लोणचं हिशेबातच नसतं. स्वयंपाक कोण करतं? तिला विचार, एकेका बरणीचं नाव घेऊन. घरात लो सोडियम मीठ आणलं असेल तर लगेच डॉक्टरांना सांग, त्यात पोटॅशियम असतं, ते दमलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही. आणि पाणी मोजताना चहा-आमटीही धर. मॅडमना तासातासाला नको, दिवसाअखेरी वहीतले प्रश्न एकदम विचार.

धागाकर्ती

ताई, खारा बांगडा निघाला! सूनबाई म्हणे, "तो काय, तोंडी लावायला." लो सोडियमचं पाकीटही होतं. डॉक्टरांना सांगितलंय, आजचा पोटॅशियमचा रिपोर्ट ते बघतायत.

पालेभाजीचं आजींना लगेच पटलं. आता विचारतायत, "पांढरा मी खाल्ला, तं पिवला कोनी खायाचा?"