'कोब्रा काय'मध्ये कराटे किती उरलंय?

माकीवारा (धागाकर्ता)

१९८४ च्या 'द कराटे किड'ची पुढची गोष्ट सांगणारी 'कोब्रा काय' २ मे २०१८ ला यूट्यूबच्या सशुल्क सेवेवर सुरू झाली, २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर गेली आणि १३ फेब्रुवारी २०२५ ला संपली. सहा सीझन, ६५ भाग. त्या चित्रपटात डॅनियलकडून हरलेल्या जॉनी लॉरेन्सच्या बाजूनं गोष्ट सुरू करायची ही कल्पना जबरदस्तच. विल्यम झाब्का (जॉनी) आणि राल्फ माचियो (डॅनियल) हे दोघंही जुन्या भूमिकांत शोभलेत. माझी तक्रार कराटेबद्दल आहे.

मूळ चित्रपटातल्या प्रत्येक तंत्राचा उगम आपल्यासमोर घडतो. उजव्या हातानं गाडीला मेण लावायचं, डाव्यानं पुसायचं, हात गोल फिरवत. लाकडी जमीन घासायची. कुंपण रंगवताना मनगट वर-खाली, घर रंगवताना डावीकडून उजवीकडे. मग डॅनियलचा गुरू मियागी अचानक ठोसे टाकतो आणि तेच हात ते अडवतात. कुठली हालचाल कुठून आली, हे कराटे न शिकलेला प्रेक्षकही सांगू शकतो.

मालिकेत मात्र काल वर्गात मार खाणारं पोर काही भागांतच हवेत गिरकी घेऊन लाथ मारतं. गिरकीच्या लाथेत आधी मान वळते आणि नजर लक्ष्यावर जाते, मग खांदा, मग कंबर, पाय सगळ्यात शेवटी. उभा पाय चवड्यावर फिरला नाही तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. हे बसायला कित्येक महिने लागतात. ते महिनेच पडद्यावर नाहीत.

चवडा

महिने मूळ चित्रपटात तरी कुठे आहेत? हॅलोविनच्या रात्री डॅनियल मार खातो आणि १९ डिसेंबरला स्पर्धा जिंकतो. जेमतेम सात आठवडे. त्यातलं ते मेण, रंग, घासकाम सगळं मिळून चार दिवसांचं. चार दिवसांत हात सवयीनं अडवायला लागतो, हे गिरकीच्या लाथेइतकंच अशक्य.

शिवाय गाडी पुसण्यातून 'मावाशी-उके' ही हात गोल फिरवून अडवण्याची हालचाल येते असं धरलं, तरी तिचा अर्धाच भाग येतो. मावाशी-उकेत अडवण्याचं काम पुढचा हात, म्हणजे कोपर ते मनगट, करतो. तळवा नंतर ढकलतो किंवा पकडतो. कोपर बरगडीपासून साधारण मूठभर अंतरावर हवं. बॉनेट पुसताना ते हमखास बाहेर जातं, आणि कोपर बाहेर गेलं की फासळ्या उघड्या पडतात. कंबर आणि पाय तर त्या प्रसंगात जागचे हलतही नाहीत.

म्हणून मूळ चित्रपटाला शास्त्रशुद्ध आणि मालिकेला तमाशा म्हणू नका. उगमाचे प्रसंग मालिकेतही आहेत. पहिल्या सीझनमध्ये जॉनी आपल्या शिष्याचे, मिगेलचे, हात बांधून त्याला तरणतलावात ढकलतो. वर यायचं तर पायच मारावे लागणार. दुसऱ्या सीझनमध्ये डॅनियलकडे शिकणारे सॅम आणि रॉबी तळ्यातल्या गोल लाकडी फळीवर समोरासमोर उभे राहून एकच हालचाल करतात. एकानं वजन अर्धा क्षण आधी टाकलं की फळी कलते आणि दोघंही पाण्यात.

कट टू कट

दोघंही एका मुद्द्याला बगल देताय. मालिकेतली मारामारी ही आधी कॅमेऱ्याची कला असते. मूळ चित्रपटातही मियागी झालेल्या पॅट मोरिताच्या जागी शितो-र्‍यूचे कराटेगुरू फुमिओ देमुरा उभे होते आणि समुद्रकाठच्या खांबावरची क्रेन किक (एका पायावर तोल धरून मारलेली लाथ) डॅरिल विडालनं मारली होती. तेव्हा पडद्यावरचं 'खरं कराटे' हा शब्द जपून वापरा.

पडद्यावर लाथ लागत नाही, लागल्यासारखी दिसते. कॅमेरा, मारणारा आणि मार खाणारा जवळपास एका रेषेत आणले की चेहऱ्यापासून वीतभर लांबून गेलेला पायही गालावर बसल्यासारखा वाटतो. कॅमेरा बाजूला सरकला की मधली फट उघडी पडते. दुसरी गोष्ट, मान झटकण्याची वेळ. मार खाणाऱ्यानं लाथेआधी मान हलवली तर प्रसंग खोटा, उशीर केला तर हास्यास्पद.

दुसऱ्या सीझनच्या शेवटची शाळेतली मारामारी परत बघा. कॅमेरा एका जोडीकडून दुसऱ्या जोडीकडे, कॉरिडॉरमधून सलग सरकत राहतो. अशा दृश्यात प्रत्येक जोडीला ठरलेल्या आकड्यावर चौकटीत यावं लागतं. मागच्या एकाचा पाय घसरला तर पुढच्या दहा जणांचं काम वाया जातं आणि पहिल्यापासून सुरुवात. तोडून तोडून चित्रित करणं स्वस्त आणि सुरक्षित असतं; यांनी अवघड रस्ता धरला, याचं श्रेय द्यायला हवं.

माकीवारा

चवडा, सात आठवड्यांचा मुद्दा बिनतोड आहे. तळ्यातल्या फळीचंही पटलं. तो मालिकेतला माझाही आवडता प्रसंग. पण त्याच सीझनमध्ये पोरांना काँक्रीट मिक्सरच्या ड्रममध्ये उतरवून तो आतून फिरवायला लावणं यात कुठलं तंत्र आहे? हिंमत वाढते एवढंच. ते कराटे नव्हे.

आणि दुखापती! शाळेच्या त्याच मारामारीत मिगेल वरच्या मजल्यावरून कठड्यावर पाठीवर आदळतो. तो शाळेचा पहिला दिवस. नाताळ यायच्या आत मणक्याची शस्त्रक्रिया झालेला तोच मुलगा पुन्हा मारामारीत उतरतो. घावाला वजनच नसेल तर 'आधी वार करा' या कोब्रा काय डोजोच्या (कराटेशाळेच्या) शिकवणीची भीती कुणाला आणि का वाटावी?

(शेवट बघितला नसेल तर पुढचं वगळा.) सहाव्या सीझनमध्ये बार्सिलोनाच्या स्पर्धेत एका मुलाचा जीव जातो आणि तरी तीच स्पर्धा पुढे पूर्ण केली जाते. हे मला अजूनही सलतं.

पंचाची शिट्टी

नियमांचं कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. डॅनियलची शेवटची लाथ, म्हणजे ती क्रेन किक, बेकायदा होती, हा वाद मालिकेनं जॉनीच्या तोंडून पुन्हा पेटवला. चित्रपटाच्या आतले नियम बघा: कमरेच्या वर लागलं की गुण, त्यात डोकंही आलं. कोब्रा कायच्या बॉबीनं डॅनियलच्या गुडघ्यावर लाथ मारली म्हणून तो बाद झाला. त्या नियमांत क्रेन किक वैध, विषय संपला.

जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत मात्र चित्र वेगळं. डोक्याला लाथ म्हणजे इप्पोन, तीन गुण. पण ती आवरलेली हवी, प्रौढांनाही जेमतेम स्पर्शाचीच मुभा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ७ ऑगस्ट २०२१ ला, ७५ किलोवरील पुरुषांच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ नं पुढे होता. त्याची लाथ डोक्यात बसून इराणचा सज्जाद गंजजादेह बेशुद्ध पडला. हामेदी बाद झाला आणि सुवर्णपदक गंजजादेहला मिळालं. जॉनीचा चेहरा रक्तबंबाळ करणाऱ्या डॅनियलबद्दल तिथल्या पंचांनी काय ठरवलं असतं, बघा.

चौथ्या सीझनमध्ये मुलं-मुली वेगळे गट आणि प्रात्यक्षिकाची फेरी आली, ही मालिकेची चांगली सुधारणा. खऱ्या स्पर्धांतही काता (ठरलेल्या हालचालींचं सादरीकरण) आणि कुमिते (लढत) वेगवेगळे होतात.

चवडा

नियमांवरून मूळ मुद्द्याकडे. माकीवारा, घावाला वजन नाही म्हणता, तर पहिल्या सीझनचा शेवट आठवा. कोब्रा कायचा हॉक रॉबीवर मागून वार करून त्याचा खांदा निखळवतो आणि बाद होतो. मग अंतिम लढतीत मिगेल त्याच खांद्याला पुन्हा पुन्हा धरतो आणि जिंकतो. जॉनीचा शिष्य विजेता, पण जॉनीच्या चेहऱ्यावर आनंद नाही, कारण चौतीस वर्षांपूर्वी डॅनियलच्या जायबंदी पायावर घाव घालण्याचा हुकूम त्याला मिळाला होता. तंत्राचा उगम शोधताय ना? इथे शिकवणीचा उगम दाखवलाय.

मियागी आणि कोब्रा काय या दोन्ही डोजोंची मुळंही हवेतली नाहीत. पटकथाकार रॉबर्ट मार्क कामेन स्वतः ओकिनावाचं गोजू-र्‍यू शिकले होते आणि मियागी हे नाव त्या शैलीचे संस्थापक चोजुन मियागी यांच्यावरून आलं. चित्रपटाची मारामारी बसवणारे आणि त्यात पंचही झालेले पॅट जॉन्सन तांग सू दो या कोरियन युद्धकलेचे. कोब्रा कायची ताठ, सरळ घुसणारी चाल तिथली. मालिकेनं हा कोरियन धागा उघडपणे उचलला.

माकीवारा

खांद्याचा प्रसंग मान्य, तो पहिल्या सीझनमधला सर्वोत्तम आहे. म्हणूनच पुढचं जास्त खुपतं. पहिल्या सीझनमध्ये एक निखळलेला खांदा संपूर्ण अंतिम लढत बदलतो: रॉबी तो हात वर उचलू शकत नाही, दुसऱ्याच हातानं अडवतो, पाय मागे मागे जातात. पाचव्या सीझनपर्यंत येताना तेवढ्याच जोराचे घाव खाऊन पोरं लगेच उठून उभी राहतात.

कट टू कट

त्याचं एक कारण संख्या आहे. पहिल्या सीझनच्या शेवटी एकाच जोडीची लढत नीट बघायची होती. नंतर प्रत्येक शेवटाला आठ-दहा जोड्या. प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस सेकंद आले की दुखरा खांदा दाखवायला वेळ उरत नाही. फक्त उडी आणि पडणं उरतं.