२७ मार्क मिळवणारी नापास, २० वाली पास? एफवायच्या निकालाबद्दल मदत हवी आहे

धायरीची_आई

नमस्कार मंडळी. लेक पुण्यातल्या एका स्वायत्त, म्हणजे स्वतःच्या परीक्षा स्वतः घेणाऱ्या, कॉलेजात एफवाय बीएस्सीला आहे. पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि आमच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोललेलं नाही.

सांख्यिकीची तोंडओळख करून देणारा दोन क्रेडिटचा पेपर आहे, ५० मार्कांचा. त्यात इंटर्नल २० आणि सत्रान्त लेखी ३०. लेकीला इंटर्नलला १६ आणि लेखीला ११, म्हणजे एकूण २७. पत्रकावर मात्र ठसठशीत एफ. तिच्या मैत्रिणीला ८ आणि १२ मिळून २० आहेत, ती पास! मी तीनदा चष्मा पुसून पाहिलं.

मी १९९८ची बीकॉम. वर्षाला एक परीक्षा, मार्कांची बेरीज आणि शेवटी क्लास, एवढंच आम्हाला ठाऊक. बारावीलासुद्धा लेखी आणि प्रॅक्टिकल मिळून ३५ झाले की सुटका होती. इथे बेरजेला काही किंमतच नाही का?

दुसरं कोडं एसजीपीएचं, म्हणजे सत्राच्या ग्रेड सरासरीचं. पत्रकावर ६.४५ आहे. बाकीच्या सगळ्या विषयांची सरासरी तिने स्वतः काढली तर ७.१ येते. आमच्या दिरांनी ६.४५ला साडेनऊने गुणून ‘एकसष्ट टक्के, वाईट नाही’ असं जाहीर करून टाकलं. खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात, ‘हल्ली पोरांना आलेखावर बसवतात, वर्गातले शेवटचे काही जण ठरवूनच नापास करतात.’ खरं काय ते कुणी सांगेल का? लेकीला विचारायची सोय नाही, ती दार लावून बसली आहे.

पेठेतला_मास्तर

ताई, आधी काकांचं बोलणं सोडून द्या. वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ग्रेड द्यायची पद्धत आहे खरी, आयआयटीत ती चालते. तुमच्या पत्रकात मात्र मार्कांचे पट्टे ठरलेले दिसतात. सगळा वर्ग पास होऊ शकतो, सगळा नापासही होऊ शकतो. मैत्रिणीच्या २० मार्कांमुळे तुमच्या लेकीचं काही बिघडलेलं नाही.

मुद्दा आहे स्वतंत्र पासिंगचा. इंटर्नल हे एक हेड, लेखी हे दुसरं. दोन्हीकडे वेगवेगळे ४० टक्के लागत असणार, म्हणजे २०पैकी ८ आणि ३०पैकी १२. मैत्रीण दोन्ही उंबऱ्यांवर बरोब्बर पाय ठेवून आत गेली. तुमची लेक पहिला उंबरा उडी मारून ओलांडून गेली आणि दुसऱ्याला अडखळली. पहिल्या उडीचे जास्तीचे ८ मार्क दुसरीकडे वळते होत नाहीत. हे असं का, तर इंटर्नल कॉलेजातच होतं, त्यात असाइनमेंट, तोंडी, हजेरी असलं काहीबाही येतं. तिथे आम्ही मास्तर लोक हात सैल सोडतो, उगाच नाही कशाला म्हणू. नुसत्या बेरजेवर पास केलं तर १८ मार्कांचं इंटर्नल घेऊन लेखीत दोन मार्कांवरसुद्धा पोरगं पुढे जाईल.

आता एसजीपीए. प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने, म्हणजे त्या विषयाला दिलेल्या वजनाने, गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. ओ ग्रेडचे १०, ए प्लसचे ९, एचे ८, असं खाली येत पीचे ४ आणि एफचा शून्य. सत्राची २२ क्रेडिट असतील तर या पेपरची दोन सोडून २० क्रेडिटवर तिचे १४२ पॉइंट झाले. १४२ला २०ने भागलं की लेकीचे ७.१. पत्रकाने २२ने भागलं, म्हणून ६.४५. या पेपराने वरच्या बेरजेत शून्य टाकला, पण खालच्या भागाकारात स्वतःची दोन क्रेडिट लावलीच. तिचं गणित चुकलेलं नाही, हे दारातूनच सांगा तिला.

लेखीला ११ऐवजी १२ असते तर एकूण २८, म्हणजे ५६ टक्के. ५५च्या पुढे बी प्लस असेल तर त्याचे ७ पॉइंट, दोन क्रेडिटचे १४. मग १५६ भागिले २२, ७.०९. एका मार्काची ही किंमत आहे.

दिरांचा साडेनऊचा गुणाकार सीबीएसईच्या जुन्या दहावीचा. तो इथे लावू नका. टक्केवारीचं सूत्र पत्रकामागे छापलेलं असतं, नाहीतर परीक्षा विभागात मिळतं.

शेवटचा_बाक

काकू, टेन्शन घेऊ नका, मी तीन केट्या, म्हणजे तीन राहिलेले विषय, घेऊन टीवायला पोचलोय. आमच्याकडे पास झालेलं इंटर्नल तसंच राहतं, फक्त लेखी परत द्यावी लागते. पण हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं असतं, स्टुडंट सेक्शनला विचारा. आणि आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा! एका मार्काचा प्रश्न आहे. निकालानंतर अर्जाला थोडेच दिवस असतात, तारीख बघा. झेरॉक्स आली की प्रत्येक उपप्रश्नासमोर मार्क आहेत का, पुरवणी तपासलीये का आणि पहिल्या पानावर बेरीज नीट उतरवलीये का, एवढं बघायचं. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज त्याच्या नंतर.

धायरीची_आई

मास्तर, तुमचा तिसरा परिच्छेद दाराबाहेर उभं राहून मोठ्याने वाचला. ‘गणित चुकलेलं नाही’ला दार उघडलं.

आज झेरॉक्स हातात आली. बेरीज बरोबर, पुरवणी तपासलेली, एकही उपप्रश्न सुटलेला नाही. पहिल्या प्रश्नात ३, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ६. एकूण ११च. पण गंमत वेगळीच निघाली. तिसऱ्या प्रश्नात ‘कोणतेही दोन सोडवा’ होतं, हिने तिन्ही सोडवले. दुसऱ्यातही ‘कोणतेही दोन’च होतं, तिथे एकच सोडवून पुढे गेली. प्रमाण विचलनाचं उदाहरण बघून हात गळाले म्हणे. तिसऱ्यातल्या तीन उत्तरांपैकी चांगली दोन मोजली, तिसऱ्याचे दोन मार्क कंसात टाकून सोडून दिलेत. त्या कंसाकडे ती बराच वेळ बघत होती.

पेठेतला_मास्तर

हे दर वर्षी पाहतो. उदाहरण कोरं सोडलं की असं होतं, तिथे नुसतं सूत्र लिहून सारणीचे रकाने भरले असते तरी एखाद-दुसरा मार्क द्यावाच लागतो. सांख्यिकीत पायऱ्यांना मार्क असतात, उत्तर शेवटी चुकलं तरी. पुनर्मूल्यांकनाच्या पैशांत मी तरी पडणार नाही, तपासणारा उदार दिसतोय.

धायरीची_आई

नाही करत. स्टुडंट सेक्शनला दोन खिडक्या फिरून कळलं, १६ इंटर्नल कायम राहणार, फक्त लेखी द्यायची, पुढच्या सत्राच्या परीक्षेबरोबर. सराव करायला जुने पेपर हवे आहेत. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारलं, विद्यापीठाच्या पेपरांचे संच आहेत, पण स्वायत्त कॉलेजचे कुणी छापत नाही म्हणाले. कुणाकडे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शेवटचा_बाक

काकू, कॉलेजच्या लायब्ररीत विचारायला सांगा. आमच्याकडे आयकार्ड ठेवलं की फाइल मिळते. फक्त झेरॉक्सवाला दुपारी दोन ते चार नसतो.